दारात सांडलेलं कुंकू: ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सची ऑइल गळती शोधायची कशी आणि थांबवायची कशी

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी शेजारच्या आज्जींनी हाक मारून मला दारात बोलावलं आणि फरशीकडं बोट करून म्हणाल्या, "बाळा, कुणीतरी कुंकू टाकून गेलंय बघ दारात, ओलांडू नको." खाली बघतोय तर खरंच लालभडक थेंब, रुपयाएवढा. बोट लावलं तर तेलकट. कुंकू कसलं, माझ्याच गाडीच्या गिअरबॉक्सचं ऑइल. आज्जींना सांगितलं तर म्हणाल्या, मग हे करणीपेक्षा वाईट, करणी लिंबावर भागते, गाडी भागत नाही.

बोलल्या ते निम्मं खरं झालं. पैसे गेले, पण गळतीपायी नाहीत, गळती चुकीच्या जागी शोधल्यापायी गेले. एका गॅरेजमध्ये खालून बॅटरी मारून बघितलं, ॲक्सलचं ऑइल सील गेलंय म्हणाले, बदललं, पैसे घेतले, आणि चौथ्या दिवशी फरशीवर परत कुंकू. मग दोन रविवार घालवून मी स्वतःच शोधलं, तर गळत होतं वेगळ्याच ठिकाणाहून, सीलाच्या चांगलं दीड वीत वरून. तेव्हा जे शिकलो ते नवीन लोकांसाठी लिहून ठेवतोय. पाना हातात धरता येतो एवढंच ज्यांना येतंय त्यांच्यासाठी आहे हे, मिस्त्री लोकांनी हसू नये.

आधी गाडीची जात ओळखा

क्लचचं पेडल नाही म्हणजे ऑटोमॅटिक असं आपल्याकडं सरसकट म्हणतात, पण आत यंत्रं वेगवेगळी असतात आणि तिथंच पहिली चूक होते. २०१४ ला सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्तातल्या ज्या ऑटोमॅटिक गाड्या पसरल्यात त्या एएमटी, म्हणजे मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतंय. त्यात लाल ऑइल नसतंय, गिअर ऑइल असतंय, घट्ट आणि गंधकासारखा उग्र वास मारणारं. एएमटीवाल्यांना या लेखातलं शोधायचं तंत्र आणि सीलाचा भाग उपयोगी पडेल, बाकी सोडून द्या.

दुसरी जात टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा डबा), म्हणजे इनोव्हा क्रिस्टाची ६ स्पीड ऑटोमॅटिक वगैरे, यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं लाल ऑइल असतंय आणि हा लेख मुख्यतः हिच्यासाठी. तिसरी सीव्हीटी, पुली आणि पट्ट्यावर चालणारी, होंडा सिटीत असती ती. सीव्हीटीचं ऑइल वेगळं, त्यात चुकून साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरून गिअरबॉक्सची वाट लागती. गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेलं असतंय, कुणी उघडत नाही, ते उघडा आणि ट्रान्समिशन ऑइलचं नाव आणि ग्रेड एका कागदावर लिहून घ्या. पुढं लागणार आहे.

काय गळतंय ते ठरवा

किराणा दुकानातनं मोठा पुठ्ठा मागून आणा, फ्रीजच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम. गाडी सपाट जागी लावा, इंजिनखाली पुठ्ठा सरकवा आणि त्याच्यावर मार्करनं लिहा: पुढची बाजू कुठली, ड्रायव्हरची बाजू कुठली, पुढची चाकं कुठं येतात. हे लिहायचा कंटाळा करू नका, मी पहिल्यांदा केला आणि सकाळी पुठ्ठा बाहेर ओढल्यावर कुठली बाजू कुठं होती तेच कळेना.

रात्रभर ठेवून सकाळी थेंब बघायचा. नवीन एटीएफ लाल किंवा गुलाबी असतंय, हाताला पातळ आणि गुळगुळीत लागतंय. जुनं झालं की तांबूस तपकिरी होतंय, आणि काळपट होऊन करपलेला वास यायला लागला तर आत क्लच प्लेटी जळायला लागल्यात असं धरा. इंजिन ऑइल मधासारखं नाहीतर काळं असतंय. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी कुठलंही असतंय, पण ते पाण्यासारखं, वाळल्यावर चिकट आणि गोडसर वासाचं. ब्रेक ऑइल पिवळट आणि चाकाच्या जवळ पडतंय. आणि स्वच्छ पाणी दिसलं, वास नाही, तेलकट नाही, तर तो एसी, चहा प्या आणि विसरा. दोन ठिकाणी माणूस फसतोय: जुन्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही बऱ्याचदा हेच लाल एटीएफ घालतात, त्यामुळं लाल दिसलं की गिअरबॉक्सच असं नाही, बॉनेट उघडून स्टिअरिंगच्या डबीची लेव्हलही बघायची. आणि काही सीव्हीटीचं ऑइल हिरवट-निळसर असतंय, ते बघून कूलंट समजू नका, दोन बोटांत चोळलं की तेल आणि पाणी लगेच वेगळं कळतंय.

रंगावर भरवसा नसेल तर पांढऱ्या टिश्यू पेपरवर एक थेंब टाका आणि अर्धा तास ठेवा. एटीएफ लालसर गोल करत पसरतंय, जळकं असेल तर मधे काळा ठिपका राहतोय.

लेव्हल बघा, मगच गाडी हलवा

गळती किती मोठी आहे हे फरशीवरनं ठरवू नका. थेंबभर ऑइल फरशीवर ताटाएवढं दिसतंय, आणि उलट हायवेला पडणारं ऑइल तर तुम्हाला दिसतच नाही. लेव्हल बघायची. डिपस्टिकवाल्या (ऑइल मापायची पट्टी असलेल्या) गाडीत रीत अशी असतीय: गाडी वीसएक मिनिटं चालवून गरम करायची, सपाट जागी उभी करायची, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पी पासून खालपर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवायचा, परत पी वर आणायचा, आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघायची. इंजिन ऑइलची सवय असणारे इंजिन बंद करून बघतात, मग लेव्हल जास्त दिसती आणि सगळं ठीक आहे असं वाटतंय. होंडाच्या कितीतरी मॉडेलमध्ये मात्र इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात बघायचं असतंय, म्हणून मॅन्युअल बघा म्हणतोय.

नवीन गाड्यांत डिपस्टिकच नसती. तिथं गिअरबॉक्सला बाजूला किंवा खाली एक चेक प्लग असतोय आणि ऑइल ठरावीक तापमानाला, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत साधारण ३५ ते ४५ अंशाला, इंजिन चालू ठेवून तो प्लग उघडून बघायचं असतंय. बारीक धार येऊन थेंबावर आली की लेव्हल बरोबर. त्याला स्कॅनर आणि लिफ्ट लागती, घरी नाद करू नये.

लेव्हल कमी झाल्याची लक्षणं म्हणाल तर डी टाकल्यावर गाडी सेकंद-दोन सेकंद विचार करती, मग धक्का देऊन पुढं जाती. चढाला इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही. सूं सूं असा आवाज येतोय. ज्योतिबाच्या चढाला असं व्हायला लागलं तर घरी परत चालवत आणू नका भावा, कमी ऑइलवर गिअरबॉक्स तापतोय आणि दहा किलोमीटरमध्ये आतल्या क्लच प्लेटींचा कोळसा होऊ शकतोय. गाडी ओढून आणायची वेळ आली तर फ्लॅटबेडवर, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवर चढवूनच आणा. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीला दोर बांधून, पुढची चाकं रस्त्यावर फिरवत ओढलं तर आतले गिअर फिरतात पण इंजिन बंद म्हणून ऑइल पंप बंद, सगळं कोरडं घासतंय.

आणि गळकं ऑइल सायलेन्सरच्या पाइपवर पडून धूर येत असेल तर तिथंच थांबवायचं, ते पेट घेऊ शकतंय.

धुवा, पावडर मारा, बघा

आता खरं काम. ठिपका जिथं पडतोय तिथं गळती नसती, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. ऑइल वरून खाली येतंय आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं जातंय, म्हणजे सगळ्यात ओली जागा दिसती तिच्या वर आणि पुढं शोधायचं. माझ्या गाडीत ॲक्सलचं सील चिंब भिजलेलं होतं म्हणून गॅरेजवाल्याचंही फार चुकलं असं म्हणत नाही, चुकलं एवढंच की त्यानं धुतलं नाही.

वॉशिंग सेंटरला नेऊन खालून धुवून घ्या, पण सांगा की गिअरबॉक्सचे वायरचे सॉकेट आणि वरची ब्रीदरची (श्वास घ्यायची) नळी यांच्यावर प्रेशरचं पाणी थेट मारायचं नाही. पाणी मारायच्या आधी डीग्रीसर नाहीतर डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन चिकटलेली माती सोडवून घ्यायची. धुवून झाल्यावर हवा मारून, फडक्यानं पुसून पूर्ण कोरडं करायचं. मग घरातली टाल्कम पावडर घ्या. हो, तोंडाची पावडर. कोरड्या गिअरबॉक्सवर, सांध्यांवर, पाइपांवर पातळ थर बसेल अशी फुंकरून मारा. आमच्या घरी डबा गायब झाला म्हणून आईनं दोन दिवस शोधला.

त्यानंतर गाडी गरम होईल एवढी चालवायची. मी कळंब्यावरनं कात्यायनीपर्यंत जाऊन परत आलो, तेवढं पुरतंय. आल्या आल्या बॅटरी घेऊन खाली घुसायचं. पांढऱ्या पावडरीवर लाल ओघळ इतका स्पष्ट दिसतोय की विचारू नका, भस्म लावलेल्या कपाळावरनं घामाचा थेंब ओघळावा तसा. ओघळाच्या टोकापासून वर वर जायचं, जिथं पावडर ओली आणि वर एकदम कोरडी, तीच जागा. माझा ओघळ सीलापासून निघून गिअरबॉक्सच्या अंगावरनं वर चढत चढत ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या रबरी पाइपला गेला, तिथं रबर आणि लोखंडी नळी जिथं दाबून जोडलेली असती त्या कॉलरखालून बारीक मोत्यासारखे थेंब फुटत होते.

पावडरीनं नाही सापडलं तर ऑइलमध्ये घालायची यूव्ही डाय मिळती, ती घालून दोन दिवस चालवायची आणि रात्री जांभळ्या बॅटरीनं बघायचं, गळती चमकती.

अजून एक गोष्ट जी मला उशिरा कळली. इंजिन चालू असतानाच गळत असेल तर प्रेशरची बाजू बघायची, म्हणजे कूलर पाइप आणि टॉर्क कन्व्हर्टरचं सील. रात्रभर उभी राहिल्यावर जास्त गळत असेल तर वेगळं, कारण इंजिन बंद झाल्यावर वरचं ऑइल, कन्व्हर्टरमधलं सुद्धा, हळूहळू खाली उतरतंय आणि चेंबरमधली (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठतं त्या परातीतली) लेव्हल वाढती, मग एरवी कोरडं राहणारं एखादं वरचं सील भिजायला लागतंय.

गाडीखाली जायच्या आधी

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. कुणी कितीही सांगू दे पाच मिनिटांचं काम आहे, नाही म्हणजे नाही. दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) लावायच्या, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे द्यायचे, गाडी हातानं हलवून बघायची, मग खाली. विटांवर गाडी ठेवू नका, वीट फुटती. एटीएफ चालून आल्यावर ८०-९० अंशाला असतंय, कढईतल्या तेलाचा धाकटा भाऊच, म्हणून उघडायचं काम गाडी कोमट झाल्यावर.

कुठं कुठं गळतंय आणि काय करायचं

सोपं आधी. ड्रेन प्लगचा वॉशर. प्रत्येक वेळी प्लग उघडल्यावर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वॉशर नवीन घालायचा असतोय, लोक तोच परत घालतात आणि गळायला लागलं की प्लग अजून आवळतात, आणि मग ॲल्युमिनियमचा आटा जातोय. आटा गेला तर घाबरू नका, आपण कोल्हापुरात राहतोय, उद्यमनगरात आटा मारून हेलिकॉइल (स्प्रिंगसारखा नवीन आटा) बसवून देणारे बक्कळ आहेत, तिथं फौंड्री आणि लेथच्या गल्ल्यांत हे रोजचं काम आहे. फक्त आटा मारताना निघणारा धातूचा कीस आत पडू देऊ नका, चेंबर काढूनच द्यायचं.

डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग (गोल रबरी कडी), स्पीड सेन्सरची ओ-रिंग: एक बोल्ट काढायचा, जुनी रिंग काढून त्याच मापाची घालायची, बोटानं थोडं एटीएफ चोळून. रबर ऑइलला टिकणारं घ्या, नळाच्या दुकानातली रिंग आठवड्यात फुगती.

चेंबरचं पॅकिंग. नवशिक्यानं घरी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी खाली मोठं टोपलं ठेवून ड्रेन प्लग उघडा. ज्याला प्लग नाही त्याचं चेंबरच काढावं लागतंय, मग एका बाजूचे बोल्ट ढिले करून एक कोपरा झुकवायचा आणि तिकडून ऑइल उतरू द्यायचं, एकदम सगळे बोल्ट काढले तर तीन-चार लिटर लाल ऑइलनं अंघोळ होती, मी बघितलीय. निघालेलं ऑइल बाटल्यांत मोजून ठेवा. सगळं ऑइल यात निघत नाही, अर्ध्याच्या आसपास कन्व्हर्टरमध्येच राहतंय, त्यामुळं गिअरबॉक्सची पूर्ण क्षमता बघून भरायला जाऊ नका, निघालं तेवढंच आधी भरायचं असतंय.

चेंबर खाली आल्यावर आत लोहचुंबक चिकटलेले दिसतील. त्यांच्यावर करड्या रंगाचा मऊ चिखल असेल, दोन बोटांत चोळल्यावर शाईसारखा लागला तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. टोचणारे धातूचे तुकडे, पितळी चकाकी किंवा काळ्या कागदासारखे कपटे निघाले तर पॅकिंग बदलून काही होणार नाही, गिअरबॉक्स आतून चाललाय, गाडी जाणकाराला दाखवा.

फिल्टर दिसत असेल तर लगे हात बदला, आणि जुन्या फिल्टरची ओ-रिंग वरच अडकून राहिली नाही ना ते बोट घालून बघा. ती राहिली आणि नवीन वर चढवली तर पंप हवा ओढतोय.

आता दोन्ही बाजूंचं जुनं पॅकिंग खरवडायचं. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, ब्लेड नको, ॲल्युमिनियमवर एक चरा पडला की तिथूनच पुढं गळत राहतंय. पुसायला जुन्या बनियनची चिंधी घेऊ नका, तिचा एक धागा आत गेला तर बारीक व्हॉल्व्ह अडकतात, धागे न सुटणारं फडकं घ्या. पत्र्याचं चेंबर असेल तर कड सरळ आहे का ते काचेवर उलटं ठेवून बघा. बोल्टाच्या भोकाभोवती खळगा पडलेला असतोय, आधी कुणीतरी ताकद लावलेली असती. खाली लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हातोडीनं सरळ करायचा. पॅकिंग रबरी किंवा कॉर्कचं असेल तर कोरडंच बसवायचं, त्याला शेलॅक नाही, सिलिकॉन नाही. काही गाड्यांत कंपनीचंच पॅकिंग नसतंय, तिथं सिलिकॉन लावायचा असतोय, तो काडीएवढी सलग रेघ, बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूनं. सढळ हातानं लावलं की जास्तीचं आत गळून फिल्टरच्या तोंडाला जाऊन बसतंय.

बोल्ट आधी सगळे हातानं लावायचे, मग मधून बाहेर, आलटून पालटून आवळायचे. हे बारीक बोल्ट असतात, बहुतेक ८ ते १२ न्यूटन मीटर एवढंच लागतंय, म्हणजे पाना मनगटानं फिरवायचा, खांद्यानं नाही. टॉर्क रेंच मागून आणा कुणाकडून तरी. ताकद लावून आवळलं की पॅकिंग मधून बाहेर फुगतंय आणि आज थांबलेली गळती पुढच्या महिन्यात परत.

कूलर पाइप आणि सील

कूलर पाइपचं मात्र चटकन उरकतंय. गिअरबॉक्सचं गरम ऑइल रेडिएटरकडं जाऊन थंड होऊन परत येतंय, त्या दोन नळ्या. पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या किंवा कॉलरपाशी ओलं असलं की बदला. दाब फार नसतोय पण ऑइल गरम असतंय, म्हणून ट्रान्समिशन ऑइलचाच पाइप पाहिजे. पाण्याचा हीटर होज लावणारे आहेत, तो काही महिन्यांत फुगून मऊ पडतोय आणि घाटात निसटला तर पाच मिनिटांत गिअरबॉक्स रिकामा. मी कंपनीचा पाइप मागवला, क्लॅम्प दोन्ही नवीन टाकले, तासात काम झालं. ॲक्सलच्या सीलाचे पैसे गेले ते गेले.

खरंच सील गेलं असेल तर: चाक, मग ड्राइव्ह शाफ्ट (म्हणजे ॲक्सलच) काढावा लागतोय, शाफ्ट निघताना ऑइल येतंय म्हणून खाली टोपलं. जुन्या सीलाच्या तोंडावर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. तो आकडा दाखवला की उद्यमनगरातला सीलवाला बाकी काही न विचारता खोक्यातनं काढून देतोय. जुनं सील काढताना स्क्रू ड्रायव्हर ॲल्युमिनियमच्या भिंतीला लागू देऊ नका. नवीन सीलाच्या ओठाला एटीएफ लावा, बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट ठेवून सरळ ठोका, तिरकं बसलं की गळणारच. आणि शाफ्टवरनं नखं फिरवून बघा, खाच लागली तर नवीन सील पण टिकणार नाही. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर आतली बेअरिंग गेलीय, त्यानंच सील खाल्लंय.

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेच्या आकाराच्या भागातून, खालच्या भोकातून गळत असेल तर दोन शक्यता: काळपट ऑइल असेल तर इंजिनचं मागचं सील, लाल असेल तर कन्व्हर्टरचं. दोन्हींना गिअरबॉक्स उतरवावा लागतोय. ते घरचं काम नाही. पण एकदा उतरवलाच तर दोन्ही सील एकदम बदलून घ्या, सील स्वस्त असतंय, महाग असती ती मजुरी.

ब्रीदर विसरू नका. गिअरबॉक्सच्या वर श्वास घ्यायची नळी असती, ती मातीनं बुजली की आत दाब वाढतोय आणि चांगलं सीलही गळतंय. उलट ऑइल जास्त भरलं असेल तर फेस होऊन ब्रीदरमधून बाहेर येतंय आणि लोक त्याला गळती समजून सीलं बदलत बसतात.

ऑइल दुधाळ दिसलं तर

डिपस्टिकवर ऑइल गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर गोष्ट वेगळी. रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय, नाहीतर गाडी पाण्यात गेलीय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आपल्याकडं किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांना माहितीय, ब्रीदरमधून पाणी आत जातंय. सेकंड हँड ऑटोमॅटिक घेताना म्हणूनच डिपस्टिक काढून बघाच, सीटखालच्या रुळावर गंज आणि गाळ पण बघा. अशी गाडी चालू करून बघायची सुद्धा नाही, आधी ऑइल उतरवायचं, कूलर तपासायचा, कितीतरी वेळा फ्लश करायचं. क्लच प्लेटींचं अस्तर पाण्यानं सुटतंय, त्यामुळं उशीर झाला तर फ्लश करूनही काही वाचत नाही.

गळती बंद करणाऱ्या बाटल्या मिळतात, त्या रबर फुगवतात. मऊ न राहिलेल्या जुन्या सीलाला कधी कधी महिना-दोन महिने उतार पडतोय. फाटलेल्या पॅकिंगला, फुटलेल्या पाइपला शून्य उपयोग. माझं मत विचाराल तर विकायला काढलेल्या गाडीतच लोक ती ओततात, आणि ती विकत घेणारा तुमच्या-माझ्यासारखाच कुणीतरी असतोय.

भरणं आणि परत तपासणं

बॉनेट उघडून डिपस्टिकच्या नळीतनं लांब फनेलनं मोजलेलं ऑइल भरा, शेवटचं अर्धं लिटर राखून. इंजिन चालू करा, ब्रेकवर पाय, लिव्हर सगळीकडं फिरवा, लेव्हल बघा, मग थोडं थोडं वाढवा. कमी असेल तर ओतता येतंय, जास्त झालं तर काढायला परत खाली जावं लागतंय. ग्रेड मॅन्युअलमधलीच, दुकानदार सगळ्यांना चालतंय म्हणाला तरी डब्यावर तुमची ग्रेड छापलेली बघून घ्या. टोयोटाची डब्ल्यूएस, ह्युंदाईची एसपी-फोर, होंडाची डीडब्ल्यू-वन आणि सीव्हीटीची एचसीएफ-टू, ही सगळी वेगवेगळी ऑइलं आहेत.

जुनं ऑइल गटारीत ओतू नका, ते शेवटी पंचगंगेत जातंय आणि आधीच तिची अवस्था आपल्याला माहितीय. डब्यात भरून गॅरेजला द्या, बहुतेकांकडं वापरलेलं ऑइल घेऊन जाणारा येतोय. फरशीवर सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाका, तासाभरानं झाडून घ्या, मग कपड्याचा साबण.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा परत घाला, नवीन बाजूनं. चार दिवस कोरडा राहिला, शंभरएक किलोमीटर झाल्यावर लेव्हल तीच दिसली, तर थांबलं. पहिल्या एक-दोन दिवसांत दोन-चार थेंब पडले तर लगेच बोल्ट आवळायला जाऊ नका, कुठल्यातरी खाचेत राहिलेलं जुनं ऑइल असतंय, पुसून परत पावडर मारा. मी आता बॉनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय: कुठल्या तारखेला, किती किलोमीटरला, किती लिटर, कुठली ग्रेड, कुठला पाइप बदलला. आज्जी अजूनही सकाळी सडा घालायच्या आधी गाडीखाली वाकून बघतात.